हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज उन्हाळ्यात अन् कापसाच्या दिवसांत पडतं? आधी मागच्या सीटजवळची जाळी बघा

“भाऊ, बॅटरीची गाडी हाये नं तुमची, मंग पेट्रोल कायले टाकता?”

पंपावरच्या पोराच्या या प्रश्नाचं सुरुवातीला हसू यायचं. पुढच्या उन्हाळ्यात तो मलाच पडायला लागला.

गाडी २०२३ च्या दसऱ्याला घेतली. पेट्रोल हायब्रिड, चार्जरची वायर न लावायची, स्वतःच स्वतःची बॅटरी भरणारी. आम्ही धामणगाव रेल्वे तालुक्यातले. घरी कापूस, तूर, सोयाबीन. मुलगी नागपूरला शिकते, त्यामुळे महिन्यातून दोनतीनदा समृद्धीने नागपूर, बाकी धामणगाव, पुलगाव, वर्धा, कधी अमरावती, आणि रोजचं वावर. कंपनीच्या कागदावर लिटरला २७ च्या वर आकडा होता. तेवढं मिळणार नाही हे कळत होतं, पण २२-२३ तरी मिळेल असं धरलं होतं. पहिल्या हिवाळ्यात ते मिळालंही.

मग २०२४ चा एप्रिल उजाडला आणि आकडा १८ वर आला. पावसाळ्यात थोडा सावरला. डिसेंबरात, म्हणजे एसीची गरज नाही, हवा गार, रस्ते कोरडे, जेव्हा सगळ्यात चांगलं अ‍ॅव्हरेज मिळायला हवं तेव्हा पुन्हा १९. गावात माझी चांगलीच थट्टा झाली. शेजारच्या काकांची बारा वर्षं जुनी डिझेल गाडी हायवेला १९ देते आणि ते हे सांगायची एकही संधी सोडत नाहीत.

ज्यांची हायब्रिड आहे आणि असाच त्रास होतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी जे आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं, म्हणून क्रम थोडा उलटा लागेल.

मोजताना होणारा घोळ

स्क्रीनवरचा आकडा विसरा. माझ्या गाडीची स्क्रीन १९.४ दाखवत होती तेव्हा टाकीचा हिशेब १८ होता. ७४२ किलोमीटर, ४१.२ लिटर, भागाकार करून बघा. स्क्रीन थोडी गोड बोलते, आणि हे फक्त हायब्रिडचं नाही, बहुतेक गाड्यांचं आहे.

टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचं, गाडी चालवायची, त्याच पंपावर त्याच नोझलला पुन्हा ऑटो कटपर्यंत भरायची. ऑटो कट झाल्यावर “साहेब, राउंड फिगर करू का?” म्हणतील, नाही म्हणा. आणि शंभर किलोमीटरवर मोजू नका. शंभर किलोमीटरला पाच लिटर लागतात. त्यात पाव लिटर इकडेतिकडे झालं की पाच टक्के गेले. चारशेच्या पुढे मोजा, सलग तीन टाक्या मोजा, आणि वहीत लिहा. कोणत्या रस्त्याने, किती वेगात, एसी होता का, मागे काय लादलं होतं, हेही लिहा. माझ्या वहीतल्या या “मागे काय लादलं होतं” या रकान्यानेच शेवटी चोर पकडून दिला.

आधी ज्यांच्यावर संशय घेतला ते

पहिला संशय सगळ्यांचा असतो तोच, पेट्रोलमधलं इथेनॉल. ते अगदीच निर्दोष नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० मध्ये कागदोपत्री हिशेबाने सहा-सात टक्के कमी भरते. त्या मिश्रणासाठीच बनवलेलं इंजिन त्यातलं थोडं भरून काढतं. पण पूर्ण सात टक्के धरले तरी २२ चे साडेवीस होतील, अठरा नाही. शिवाय पेट्रोल बाराही महिने तेच होतं, मग दोनच हंगामांत आकडा का पडावा?

दुसरा संशय एसी. यात जास्त तथ्य आहे. अशा हायब्रिडचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो, आणि ती वीज त्याच छोट्या बॅटरीतून येते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी मोंढ्यासमोर उन्हात उभी केलेली गाडी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. तेव्हा एसी पूर्ण ताकदीने ओढतो, बॅटरी खाली जाते, इंजिन सुरू होतं. गाडी उभी आहे, चाक फिरत नाही, आणि पेट्रोल जळतंय. एकदा कापूस खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत मी तब्बल दीड तास एसी लावून बसलो होतो. त्या टाकीचं अ‍ॅव्हरेज वहीत बघून मीच लाजलो. अशा वेळी सरळ बंद करून निंबाखाली बसावं.

पण डिसेंबरातल्या १९ चं काय? तेव्हा तर काचा खाली होत्या.

तिसरा संशय टायरवर, आणि तिथे पहिला खरा पुरावा सापडला. आमच्याकडे एक समज आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर गरमीने टायर फुटतो. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आल्यापासून तर पंक्चरवाले न विचारताच हवा काढतात. माझ्या गाडीत ३३ हवी होती, निघाली २७. हे दोन्ही बाजूंनी उलटं आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो, आणि फुटायचा धोकाही वाढतो. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा बघा आणि सकाळी, गाडी थंड असताना, तेवढीच हवा भरा. माझ्या हिशेबात यातून लिटरमागे एक किलोमीटरच्या जवळपास परत आला. नायट्रोजन भरा नाहीतर साधी भरा, अ‍ॅव्हरेजच्या दृष्टीने काही फरक नाही. आकडा बरोबर हवा.

सर्व्हिसला तीनदा गेलो. कॉम्प्युटर लावला, “सर, काही फॉल्ट दाखवत नाही, तुम्ही इकॉनॉमी मोडवर चालवा,” असं सांगितलं. तीनही वेळा कागदावर सगळ्या रकान्यांत टिकमार्क होत्या. त्यातली एक टिक पुढे महत्त्वाची ठरली.

चोर

हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या खाली असते. ती चालताना तापते, आणि बऱ्याच गाड्यांत तिला थंड करायला एक पंखा असतो. हा पंखा बाहेरची नाही, गाडीच्या आतली हवा ओढतो. त्यासाठी मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला एक जाळी असते, जाळीमागे पातळ फिल्टर. शहरातला माणूस मागे लॅपटॉपची बॅग ठेवतो. आम्ही काय ठेवतो?

वही उघडली. नोव्हेंबर ते डिसेंबर: “मागे: वेचलेला कापूस, ४ गाठोडी.” “मागे: कापूस, बायामाणसं ३.” “मागे: सरकी ढेप.” त्याआधी ऑक्टोबरात सोयाबीनचं कुटार. ट्रॅक्टर मळणीवर होता आणि वेचणीचं संध्याकाळी घरी आणायचं म्हणून मागची सीट पाडून गाठोडी कोंबायचो. बायकोने तेव्हाच म्हटलं होतं, “एवढ्या महागाची गाडी, तिची बंडी करून ठेवली.” मी ऐकलं नव्हतं.

जाळी हाताने ओढली, चटकन निघाली. आत फिल्टर नव्हता, गोधडी होती. रुईचा थर, त्यावर मातीची धूळ, त्यात कुटाराच्या काड्या. वरून, दुकानात शिवून बसवलेल्या जाड सीट कव्हरने अर्धी जाळी झाकलेली. पंखा बिचारा ओढत होता आणि हवा येतच नव्हती.

बॅटरी तापली की गाडीचा कॉम्प्युटर तिला जपतो. तिच्यातून जास्त वीज काढू देत नाही आणि ब्रेक मारताना तयार होणारी वीज तिच्यात जास्त भरूही देत नाही. म्हणजे जिथे मोटरने काम करायचं तिथे इंजिन सुरू होतं, आणि ब्रेकमधून परत मिळणारी कमाई उष्णता होऊन उडते. लाल दिवा लागत नाही, कारण काही बिघडलेलं नाही, गाडी फक्त सांभाळून चालते आहे. म्हणूनच कॉम्प्युटरला “फॉल्ट” दिसला नाही. उन्हाळ्यात आतली हवाच गरम, म्हणून थोडी धूळही भारी पडते. कापसाच्या दिवसांत हवा गार असली तरी फिल्टरच पार बंद. दोन हंगामांचं कोडं असं सुटलं.

तुमच्याकडे हेच आहे का, हे ओळखायच्या खुणा सांगतो. मागच्या सीटच्या बाजूने पंख्याचा घूंऽऽ असा आवाज पूर्वीपेक्षा मोठा आणि जास्त वेळ येतो. हळू चालवतानाही, गावातल्या गावात, इंजिन वारंवार सुरू होतं. ब्रेक दाबला की स्क्रीनवरची चार्जिंगची पट्टी पूर्वीइतकी भरत नाही. काही गाड्या प्रवास संपल्यावर किती टक्के अंतर किंवा वेळ विजेवर गेला ते दाखवतात. तो आकडा महिनोन्‌महिने घसरत असेल तर जाळी उघडाच.

साफ कसं करायचं: गाडी बंद, जाळी हाताने निघत असेल तरच काढायची. व्हॅक्युम क्लीनरने रुई ओढून घ्यायची, फिल्टर निघत असेल तर बाहेर नेऊन हलक्या हाताने झटकायचा. पाण्याने धुवायचा नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने आतल्या बाजूला हवा मारायची नाही, सगळी धूळ बॅटरीत जाते. आणि आत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर तिथेच थांबा. त्या उच्च दाबाच्या असतात, घरच्या प्लगपेक्षा त्यांना जास्त घाबरायला हवं. स्क्रू काढावे लागत असतील तर सर्व्हिसलाच द्या, पण समोर उभं राहून फिल्टर बाहेर काढून दाखवा म्हणा. माझ्या तीन टिकमार्कांपैकी एक याच फिल्टरची होती.

साफ केल्यावर त्याच रस्त्याने, त्याच वेगाने तीन टाक्या मोजल्या. १९ चे २२ झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात मार्चमध्येच साफ करून ठेवलं. मे महिन्यातही एसीसकट २० च्या खाली गेलं नाही.

तरीही २७ का नाही

हे वेगळं प्रकरण आहे आणि याचा जाळीशी संबंध नाही.

कागदावरचा आकडा ज्या चाचणीतून येतो, ती खोलीत, रोलरवर गाडी उभी करून होते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती करतात. साधारण वीस मिनिटांचा खेळ, हवा २० ते ३० अंशांची, एसी बंद, सर्वात जास्त वेग ताशी ९० किलोमीटर, आणि सरासरी वेग तीस-पस्तीसच्या घरात, कारण मधेमधे गाडी थांबवून ठेवतात. थांबणं, निघणं, पुन्हा थांबणं. हायब्रिडसाठी याहून सोयीचं काही नाही.

हायब्रिडकडे पेट्रोलशिवाय दुसरी कमाई नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद ती गोळा करते आणि थांबल्यावर इंजिन बंद करते, हीच तिची मोठी जादू. जिथे वाया जात नाही तिथे गोळा काय करणार? आमच्या रस्त्यावर सिग्नल नाही, गर्दी नाही. धामणगाव सोडलं की पुलगावपर्यंत एकाच वेगात. माझी आजवरची सगळ्यात चांगली टाकी कुठे निघाली माहीत आहे? मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आठवडाभर नागपुरात, सीताबर्डीच्या गर्दीत. २४.६. गर्दीत जाम वैतागलो होतो आणि गाडी मात्र खूश होती.

आणि समृद्धी. तिथे कारला १२० ची मुभा आहे, रस्ता मोकळा, पाय आपोआप दाबला जातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या ऐवजी १२० ने गेलात तर हवा सव्वादोन पट जोराने मागे ढकलते. माझे दोन प्रवास, त्याच महिन्यातले: ११८ च्या आसपास ठेवून १६.६; ९० वर ठेवून २१.८. धामणगाव ते नागपूर वेळेत फरक पडला वीसएक मिनिटांचा. वर कॅरिअर लावलं असेल तर आणखी. मी खत आणायला लावलं होतं, दोन वर्षं काढलंच नव्हतं.

बॅटरी किती छोटी असते याचाही अंदाज हवा. आमच्या मापाच्या गाड्यांत ती साधारण पाऊण युनिटची. आपला मोठा कूलर चारेक तास चालेल एवढीच वीज. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना हे डोळ्यांनी दिसतं: घाटाच्या मधेच बॅटरी भरून जाते, आणि खालचा सगळा उतार फुकट. तिथे गिअर ‘बी’ वर, म्हणजे इंजिनानेच गाडी रोखून धरणाऱ्या खाचेत, टाकायला हरकत नाही, ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ लावून फिरू नका; काही जण “बी म्हणजे बॅटरी” असं समजून कायम तिथेच ठेवतात.

न्यूट्रलची सवयही सोडा. जुन्या गाडीत उतार आला की न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचो. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरत नाही. म्हणजे फुकट मिळणारी वीज आपण हाताने बंद करतो, आणि वरून ताबाही कमी. ‘डी’ मध्येच ठेवून पाय उचला.

छोट्या फेऱ्यांचाही फटका बसतो. सकाळी घर ते वावर दोन किलोमीटर, तिथून परत, मग दूध संकलन केंद्र, मग शाळा. प्रत्येक वेळी थंड इंजिन आधी गरम व्हायला बघतं, बॅटरी भरलेली असली तरी. चार फेऱ्या एकात बसल्या तर बसवा. नाहीतर वावरात मोटरसायकलने जा. आणि पांदणातला पावसाळी चिखल, काळी माती चाकाच्या आतून सिमेंटसारखी वाळते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांना हात न लावता, नुसता जवळ नेऊन बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक घासतोय, अ‍ॅव्हरेजचं सोडा, ते आधी बघा. माझ्या मागच्या उजव्या चाकाला हे एकदा झालं होतं. चिखल खरवडून, ब्रेक उघडून साफ केल्यावर थांबलं.

आता माझी गाडी वर्षभराच्या सरासरीत २१ च्या थोडं वर आहे. जाळी वर्षातून दोनदा उघडतो, होळीच्या सुमारास एकदा आणि वेचणी आटोपली की एकदा. सीट कव्हरला त्या जागी शिंप्याकडून चौकोन कापून घेतला. कापूस मात्र आता बंडीनेच येतो. सासुरवाडीची माणसं आली की मागच्या सीटवर पिशव्या रचतात, तेव्हा तेवढं एक सांगावं लागतं: “तिकडच्या कोपऱ्यात नका ठेवू, गाडीचं नाक हाये तिथं.”